बास गिटारपुढचं नाव

दादा, तू मंगळवारी दुपारी गेलास. रेकॉर्ड शुक्रवारी आली.

कुरियरवाल्यानं खालून तुझंच नाव घेऊन हाक मारली, कारण तुझ्या रेणूनं ती तुझ्या नावानं मागवली होती. वहिनी उठली नाही. मी खाली गेले, सही केली आणि बसायला आलेल्या माणसांमधून तो चपटा खोका आडवा धरून आत नेला. फोटोपुढे ठेवायचा का, असं कुणीतरी विचारलं. मी नको म्हणाले. मला आधी तो उघडायचा होता.

मुखपृष्ठ जुनंच आहे. पुलावरून जाणारी मालगाडी आणि वर नारिंगी अक्षरांत 'कॉर्ड लाइन'. मागे वाजवणाऱ्यांची नावं. बास गिटारपुढे छापलं आहे: हाऊ. सोबत एक पुस्तिका आहे. तिच्यात या हाऊंवर दीड पान मजकूर आहे आणि टाय बांधलेल्या एका गोऱ्या माणसाचा फोटो आहे. प्रभाकर उमाळे हे तुझं नाव पुस्तिकेत कुठेही नाही. मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि मग पुन्हा वाचली.

तुला माहीत असलेलंच आता इथे लिहिते, कारण हे छापून येईल आणि वाचणाऱ्यांना ते माहीत नसणार. हाऊ म्हणजे तू. तेव्हा तू रेल्वेच्या ऑफिसात नुकता लागला होतास आणि संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बँडमध्ये बास वाजवायचास. कलकत्त्याहून आलेल्या एका पियानोवाल्यानं तुला तिथे ऐकलं. पुढे त्याचा बँड रेकॉर्ड करणार होता. जॅझमध्ये फंकचा ठेका मिसळलेलं ते संगीत आपल्याकडे तेव्हा फारसं कुणी ऐकत नव्हतं. ऐन वेळी त्याच्या बासवाल्याला कावीळ झाली आणि त्यानं तुला तार केली. तू पास काढून गेलास, त्या आजारी माणसाचीच गिटार घेऊन वाजवलंस आणि परत येऊन ऑफिसात हजर झालास. स्टुडिओतला एक साहेब नावं टिपत फिरत होता. तुझ्या कानांवर हेडफोन होता. त्यानं इंग्रजीत विचारलं, बासवर तूच का? तू म्हणालास, 'हव.' त्याला ते नाव वाटलं. 'हाऊ?' त्यानं खात्री करून घेतली. तू पुन्हा म्हणालास, 'हव.'

रायपूरच्या मराठी घरांत हो म्हणायला हव म्हणतात. छत्तीसगढीतही हवच. हे सांगायला त्या साहेबाजवळ कुणी नव्हतं. त्यानं टिपलं, छापखान्यानं छापलं, आणि तू घरी येऊन आम्हाला हसत हसत सांगितलंस. पुढे हा किस्सा तू प्रत्येक लग्नात सांगितलास. आम्हीही प्रत्येक वेळी हसलो. तेव्हा ती रेकॉर्ड कुणी घेत नव्हतं, त्यामुळे हसायला हरकत नव्हती.

मी चिडलेली आहे. ही रेकॉर्ड आता पुन्हा काढणाऱ्या कंपनीवर आहे, आणि तुझ्यावरही आहे. शोकसभेत हे बोलता आलं नाही.

शनिवारी आपल्या मंडळात सभा झाली. जे बोलायला उठले ते सगळे एकच वाक्य बोलले: प्रभाकरभाऊंनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. ते खरं आहे, आणि प्रत्येक जण ते तुझी थोरवी म्हणून सांगत होता. गणपतीत कुणाच्याही बेसूर पोट्टीमागे बास धरायचा असो, ऑर्केस्ट्राचं सामान टेम्पोत चढवायचं असो, तुझं उत्तर ठरलेलं. छत्तीसगढ राज्य नवं झालं तेव्हा एका सरकारी कार्यक्रमात निवेदकानं तुझं नाव 'प्रभाकर उमरे' असं पुकारलं आणि तू उठून नमस्कार केलास. मी पत्रकारांच्या रांगेत होते. चिठ्ठी लिहून मंचाकडे पाठवत होते, तर तू वरूनच हातानं नको म्हणालास. खाली आल्यावर मी विचारलं, तर म्हणालास, 'काहून त्या बिचाऱ्याची बेज्जती करून राहिली? नवं नवं राज्य हाये. शिकतीन हळूहळू.'

माझी सगळी नोकरी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर गेली. लोकांची नावं बरोबर छापणं हे माझं काम होतं. मृताचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर भूलसुधार द्यायचा, हा नियम मी तिथे येणाऱ्या प्रत्येकाला शिकवला. घरात मात्र माझा सख्खा भाऊ चुकीच्या नावाला उठून नमस्कार करत होता.

परदेशातल्या त्या कंपनीनं रेकॉर्ड पुन्हा काढत असल्याचं जाहीर केलं तेव्हा आपण सगळे तुझ्याकडे, समता कॉलनीत जेवायला होतो. रेणूनं ते फोनवर पाहिलं.

'पापा, ये तो आपवाला रिकॉर्ड है ना?'

'हव.'

'तो फोटो में ये अंकल कौन हैं?'

तू चष्मा लावलास. 'हाऊसाहेब असतीन,' तू म्हणालास. 'दिसते तर चांगला माणूस.'

वहिनी आतून म्हणाली, 'तुमच्या जागी त्याचा फोटो लागला, अन् तुम्ही त्याले सर्टिफिकेट देऊन राहिले.'

कंपनीनं लिहिलं होतं की हाऊ हे कलकत्त्यातल्या हॉटेलांत वाजवणारे अँग्लो-इंडियन वादक होते, नंतर ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या नातीचं नाव दिलं होतं. आजोबा कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजवायचे, एवढं तिचं एक वाक्य होतं. बाकी सगळं कंपनीचं.

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात इतर वाद्यं थांबतात आणि बास एकटा वाजत राहतो. जुन्या रेकॉर्डी शोधणारे लोक म्हणे त्या तुकड्यासाठीच ही रेकॉर्ड शोधत होते. कंपनीच्या मजकुरात म्हटलं आहे की हा ठेका न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांमधला आहे आणि हाऊंनी तो बंदरावर उतरणाऱ्या खलाशांच्या रेकॉर्डींवरून उचलला असावा. असावा. हा शब्द मी बातमीतून कापत असे.

तो ठेका आपल्या रायपूरच्या गुढियारीचा आहे. आपण तिथे राहत होतो तेव्हा लग्नसराईत वाजंत्र्यांचा गंडवा बाजा यायचा. सनईसारखी मोहरी, डफासारखा दफडा, आणि गळ्यात अडकवलेलं ते नगाऱ्यासारखं मोठं निसान. वरात रेल्वे फाटकापाशी अडायची. मालगाडी जाईपर्यंत मोहरीवाला दम घ्यायचा, दफडेवाले बिडी पेटवायचे, आणि निसानवाला एकटा वाजवत राहायचा. तू कठड्यावर बसून ते ऐकायचास आणि घरी येऊन लोखंडी खाटेवर वाजवून मला झोपू द्यायचा नाहीस. बाबा ओरडायचे. तू बास गिटारला हात लावण्याच्या कितीतरी आधी मी तो ठेका पाठ केलेला आहे, कारण त्या खाटेच्या दुसऱ्या टोकाला मी असायची.

हे सगळं मी कंपनीला लिहिलं. त्यांनी पुरावा मागितला. करार, पावती, फोटो. तुझ्याकडे यातलं काहीही नव्हतं. पियानोवाला केव्हाच गेला होता. त्या बँडमधला सॅक्सोफोनवाला तेवढा हयात होता, तोही परदेशात. त्याला विचारलं तर त्याला एवढंच आठवत होतं की रेल्वेतला एक शांत मुलगा कुठूनतरी आला होता. नाव आठवत नव्हतं. कंपनीनं कळवलं की माहिती रोचक आहे, आणि त्यांना तुझ्याशी व्हिडिओवर बोलायला आवडेल.

तो कॉल मी विसरणार नाही. रेणूनं फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. तू इस्त्रीचा शर्ट घातला होतास. पलीकडचा माणूस तरुण होता, नम्र होता, आणि तू त्याच्याशी ऑफिसातल्या इंग्रजीत व्यवस्थित बोललास. गिटार कोणती होती? लाल. तिची मान जराशी वाकलेली, त्यामुळे वरचे सूर लावताना बोट आत ओढावं लागायचं. खोली कशी होती? भिंतींना गोणपाट. एका गाण्याच्या मध्ये पंखा बंद करायचं राहिलं म्हणून ते पुन्हा वाजवलं. तो लिहून घेत होता. मला वाटलं, झालं. इतकं तर कोर्टातही पुरतं.

मग त्यानं विचारलं, 'इतकी वर्षं झाली. तुम्ही कदाचित दुसऱ्याच एखाद्या रेकॉर्डिंगबद्दल बोलत असाल, असंही होऊ शकतं, नाही का?'

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. 'हव,' तू म्हणालास. आणि त्याला समजावं म्हणून लगेच, 'पॉसिबल, सर.'

त्यानं आभार मानले. फोन बंद झाला. रेणू जगकडे बघत राहिली.

'हे काय केलंस?' मी म्हणाले.

'काय केलं?'

'ते दुसरं रेकॉर्डिंग होतं?'

'नाही ना. माह्यं एकच तर हाये.'

'मग पॉसिबल कशाला म्हणालास?'

'पॉसिबल तर सगळंच असते.' तू शर्टाची वरची गुंडी काढलीस. 'हे पाय. तिकडं त्या पोट्टीनं आजोबाचा फोटो देला. घरात टांगलाही असंन आता. पाव्हण्यांले सांगत असंन, आमचे आजोबा रेकॉर्डवर हायेत म्हणून. अन् मी इथं खुर्चीत बसून म्हणू, की काढ तो फोटो?'

'हो. तेच म्हणायचं.'

'मले नाही जमत.'

'ते आजोबा त्या खोलीत नव्हते, दादा. तू होतास.'

'वाजवत तर असतीन ना कुठं. कोणत्या हॉटेलात, कोणाच्या मागं. त्यांचं नाव कोणी लिवलं का? कोणाचंच लिवत नाहीत. हे एक लिवलं, तर राहू दे त्यांच्याकडं. मी वाजवलं हे मले ठाऊक हाये.'

'तुला ठाऊक असून उपयोग नाही. ते छापलेलं असलं पाहिजे.'

'तुम्हा पेपरवाल्याईले तेच लागते,' तू हसलास.

'बुआ, छोड़ो ना पापा को,' रेणू म्हणाली.

वहिनी ताटं घेऊन आली. 'पहिले जेवा. मंग भांडा, किती भांडाचं ते. भाजी थंडी होऊन राहिली.'

मी न जेवता निघाले. पुढे आपण भेटलो, बोललो, पण रेकॉर्डचा विषय तूही काढला नाहीस आणि मीही नाही. तो वाद तिथेच राहिला आहे. तुझी बाजू मी वर जशीच्या तशी लिहिली आहे. ती आजही मला मान्य नाही. एका माणसाचं नाव दुसऱ्याला देऊन टाकणं हा मोठेपणा नाही. ती चुकीची माहिती आहे, आणि तू ती दिलीस.

आणखी एक लिहायचं आहे. मी पेपरात लागणार होते तेव्हा बाबांचा विरोध होता. जेवताना ते म्हणाले, 'पोट्टीच्या जातीनं रात्रपाळी करणं बरं दिसते का? तिनं बी.एड. करावं. बरोबर हाये ना, प्रभाकर?' त्यांना तुझं उत्तर माहीत होतं, म्हणूनच त्यांनी तुला विचारलं. तू पानावरून मान वर केलीस आणि म्हणालास, 'नाही.' बाबा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. ते आलं नाही. तू वरण मागितलंस. बी.एड.चा विषय त्या घरात परत निघाला नाही.

माझी सगळी नोकरी त्या एका शब्दावर उभी राहिली. मी तुला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. आपल्याकडे भावाचे आभार मानायची रीत नव्हती, आणि मानले असते तर तू चेष्टा केली असतीस. आता मानते. पण याचा अर्थ असा होतो, दादा, की तो शब्द तुला येत होता. माझ्यासाठी काढलास. स्वतःसाठी एकदाही काढला नाहीस.

तुझ्या छातीत दुखत होतं तेव्हा वहिनीनं विचारलं, 'गॅस हाये का?' तू म्हणालास, 'हव.' तिनं ओवा दिला. रेणूनं विचारलं, 'पापा, डॉक्टर के पास चलें?' तू म्हणालास, 'हव, चलू ना. उद्या.' दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, 'आज ठीक लग रहा है?' तू तेच म्हणालास. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर विचारत होते की दुखणं कालपासून आहे की परवापासून, आणि तू दोन्हीला मान हलवत होतास. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी जे विचारायचं ते विचारलं.

वहिनी आता प्रत्येकाला सांगते, 'मीच गॅस म्हटलं. मी नसतं म्हटलं तर त्यांनी खरं सांगितलं असतं.' मी तिला सांगते, 'त्यानं नसतं सांगितलं. तू ॲसिडिटी म्हटलं असतंस तर त्यालाही तो हो म्हणाला असता.' तिला ते पटत नाही. ती स्वयंपाकघरात ओव्याचा डबा दिसला की तोंड फिरवते. हे ओझं तू तिच्या अंगावर टाकून गेलास. सभेत कुणी याबद्दल बोललं नाही. कंपनीला मी एक वेळ समजून घेईन. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

सभेहून आल्यावर रेणूनं ओळखीच्या एका कॅफेतून प्लेअर आणला. तिथे तो शोभेला ठेवलेला होता, चालतो हे त्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही दुसरी बाजू लावली. आवाज स्वच्छ आहे. कंपनीनं मूळ टेप नीट साफ केली आहे, तेवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. शेवटच्या गाण्यात बाकीचे थांबले आणि तू एकटा वाजवू लागलास. वरच्या एका सुरावर बोट आत ओढल्यासारखा आवाज येतो. वहिनीनं हे याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. तुझ्याकडची जुनी प्रत कुणीतरी मागून नेली होती आणि परत आणली नव्हती. ती पदर तोंडाला लावून ऐकत बसली. संपल्यावर म्हणाली, 'हे इतकं चांगलं वाजवत होते, अन् मले वाटे नुसतं मागं धरून ठेवाचं काम असते.' रेणूनं सुई उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

बातमी एका बाजूनं छापायची नसते. तू त्या नातीचं मन राखायला ते नाव सोडलंस, आणि तिला काय वाटतं हे आपल्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. रेणूनं तिचा नंबर मिळवला. रविवारी सकाळी मी तिला फोन केला. मी कोण ते सांगितलं, तू गेलास ते सांगितलं, आणि विचारलं की आजोबा काय वाजवायचे.

ती शाळेत शिकवते. आवाज हळू आहे. तिनं आधी तुझ्याबद्दल दुःख व्यक्त केलं. मग ती म्हणाली की आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे. बास गिटार त्यांनी कधी हातात धरली नाही. 'कॉर्ड लाइन' ध्वनिमुद्रित झाली त्याच्या आधीच ते कलकत्ता सोडून आले होते. कलकत्त्याच्या हॉटेलांतल्या वादकांची माहिती हवी म्हणून कंपनीनं फोटो मागितला आणि तिनं तो दिला. घोषणेत तो बासवाल्याचा म्हणून पाहिल्यावर तिनं त्याच आठवड्यात ही चूक कंपनीला लेखी कळवली.

कंपनीनं तिला उत्तर दिलं होतं. मी तिला ते वाचून दाखवायला सांगितलं, आणि वरची तारीखही. कंपनीनं लिहिलं होतं की चूक लक्षात आली, पण पुस्तिका छपाईला गेली आहे, आता बदल होणार नाही. तारीख तुझ्या कॉलच्या आदल्या दिवसाची आहे.